एका तासातला माणूस

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एका सद्गृहस्थाचं तैलचित्र आहे. उंची साधारण 80 सेंटीमीटर, रुंदी 65. खिडकीच्या एका झडपेएवढं म्हणा. सद्गृहस्थांच्या अंगावर सोनेरी पिवळा पोशाख, हातात गिटार, गळ्याशी पांढरी झालर, आणि मान अशी वळलेली की कुणीतरी दारातून हाक मारली असावी, बोटं मात्र तारांवरच राहिली असावीत. चित्र देखणं आहे यात शंका नाही. पण खरी गंमत त्याच्या पाठीला आहे.

कॅनव्हासच्या मागच्या बाजूला एक जुनी चिठ्ठी डकवलेली आहे. तिच्यावर फ्रेंचमध्ये जे लिहिलंय त्याचा मतलब इतकाच, की हे ला ब्रेतेश साहेबांचं चित्र, फ्रागोनारनं 1769 साली काढलं, एका तासात.

एका तासात?

तास म्हणजे किती, याचा जरा अंदाज घेऊ. धीम्या लोकलनं दादरहून निघून कल्याण गाठेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढा. कुकर लावून, भाजी फोडणीला टाकून, चार माणसांच्या पोळ्या लाटून होईपर्यंत जेवढा जातो, तेवढा. तेवढ्यात एक जिताजागता माणूस, त्याचा चेहरा, त्याच्या बाहीवरच्या रेशमाची चमक, गिटारवरची बोटं, सगळं कोऱ्या कापडावर उतरवायचं. तेही तैलरंगात. आणि असं, की अडीचशे वर्षांनी लोकांनी त्याच्यापुढे थबकावं.

अठराव्या शतकात एखाद्या प्रतिष्ठित माणसाला आपली तसबीर करून घ्यायची, तर कशी होई? तो चित्रकाराकडे पुन्हा पुन्हा जाऊन बसे. चित्रकार आधी मंद, मातकट रंगात आकार मांडे आणि ते वाळू देई. मग त्यावर दुसरा थर, तोही वाळू देई. शेवटी पातळ, काचेसारखे पारदर्शक थर. यात आठवडे सहज जात, कधी महिने. लंडनमध्ये तर कपडे रंगवणारे कारागीरच वेगळे असत. बडा चित्रकार चेहरा रंगवी आणि अंगरखा दुसऱ्याच्या हवाली करी. मोठ्या घरच्या मंडळींच्या चित्रांचा कारखानाच म्हणायचा. अशा जमान्यात कुणीतरी चिठ्ठी लिहितो, ‘एका तासात’, आणि तीही तक्रार म्हणून नाही, तर अभिमानानं!

बरं, चिठ्ठी एकच असती तर कुणाची तरी फुशारकी म्हणून सोडून दिली असती. पण लूव्रमध्ये या चित्राचा एक जोडीदार आहे. त्यातले गृहस्थ म्हणजे आबे द सँ-नों, ला ब्रेतेश यांचे सख्खे भाऊ. त्याच्याही पाठीला चिठ्ठी, तिच्यावरही तेच साल आणि तोच तास. दोघे भाऊ श्रीमंत, हौशी, कलेचे भोक्ते. आणि सँ-नों तर फ्रागोनारचे जुने स्नेही. फ्रागोनार रोमला शिकत असताना याच सँ-नोंनी त्याला तिवोलीच्या व्हिला देस्तेमध्ये नेऊन ठेवलं होतं. तिथल्या कारंज्यांची आणि उंच सुरूंची चित्रं काढत त्यानं एक उन्हाळा घालवला. 1761 साली दोघे इटलीतून रमतगमत फ्रान्सला परतले. वाटेत चर्च दिसलं की थांब, राजवाडा दिसला की थांब, आणि आतल्या जुन्या चित्रांवरून भराभर रेखाटनं. हात एवढा पळायला कुठे शिकला, याचा एक धागा या प्रवासात असावा असं मला वाटतं.

ज्याँ-ओनोरे फ्रागोनार 1732 साली ग्रासमध्ये जन्मला. ग्रास म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं अत्तरांचं गाव. वडील हातमोज्यांच्या धंद्यातले. पॅरिसला आल्यावर पोराला एका नोटरीच्या कचेरीत चिकटवलं, पण तो कामाच्या कागदांवर चित्रंच काढी म्हणतात. काही दिवस शार्दँ या चित्रकाराकडे आणि मग बूशे या दुसऱ्या चित्रकाराकडे शिकला. वयाच्या विशीत, 1752 साली, त्यानं अकादमीचं रोमचं बक्षीस पटकावलं. 1765 मध्ये त्याच्या एका भव्य पौराणिक चित्रानं सगळ्या पॅरिसचे डोळे दिपवले. आता राजदरबारी मानमरातब, सरकारी कामं, मोठमोठ्या भिंती असा सरळ रस्ता समोर होता. यानं काय केलं? त्या रस्त्याकडे जवळजवळ पाठच फिरवली आणि खाजगी शौकिनांसाठी छोटी, खट्याळ, मनमौजी चित्रं काढायला लागला. झोका घेणारी, पायातली चप्पल हवेत उडवणारी ती गुलाबी झग्यातली तरुणी तुम्ही कुठेतरी पाहिली असेल. ती याचीच.

या सगळ्या शैलीला आज रोकोको म्हणतात. शब्द ‘रोकाय’वरून आला. बागेतल्या कृत्रिम गुहांना शिंपले-गोटे लावून सजवायचं काम म्हणजे रोकाय. शिंपल्याची ती वळणं, उसळी मारून परत फिरणाऱ्या रेषा भिंतींवर, आरशांच्या चौकटींवर, खुर्च्यांच्या पायांवर सगळीकडे पसरल्या. आणि नाव? ते पुढच्या पिढीतल्या कडक शिस्तीच्या मंडळींनी टिंगल म्हणून दिलं. हिणवायला ठेवलेली नावंच पुढे पाठ्यपुस्तकात जातात, ही कलेच्या इतिहासातली नेहमीचीच गोष्ट.

तर, तो तास. खरा की थाप? घड्याळ लावून कुणी बसलं नव्हतं. पण एक साक्षीदार तिथे हजर होता आणि तो आजही बोलतो. साक्षीदार म्हणजे खुद्द रंग. तो कसा बोलतो हे समजायचं तर आपल्याला थोडं स्वयंपाकघरात डोकावावं लागेल.

तैलरंग म्हणजे बारीक वाटलेली रंगपूड आणि तेल. कोणतं तेल? जवसाचं! विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात, तेच जवस, तीच अळशी. आता विचार करा, खोबरेल तेलात रंग कालवून भिंतीवर लावला तर तो कधी वाळेल? कधीच नाही. नातवंडांच्या बोटालाही लागेल. मग जवसाचंच तेल का वाळतं?

इथे पहिला चमत्कार. ते वाळतच नाही! निदान धुतलेलं धोतर जसं वाळतं तसं तर नाहीच. धोतरातलं पाणी उडून जातं, म्हणून धोतर हलकं होतं. जवसाच्या तेलातून उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. उलट ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं. त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये काही जागा अशा असतात की तिथे प्राणवायू येऊन चिकटतो, आणि मग एक रेणू शेजारच्या रेणूचा हात धरतो, तो त्याच्या शेजारच्याचा. होता होता सगळ्या तेलाचं एक अखंड जाळं विणलं जातं. म्हणून सुरुवातीला तेलाचा थर वाळताना हलका होण्याऐवजी चक्क जड होतो.

डॉक्टर ज्यासाठी जवस खा म्हणतात, ते ओमेगा-3 म्हणजे नेमका हाच हात पुढे करणारा रेणू. जवसाच्या तेलात तो निम्म्याच्या आसपास असतो. तेल उघडं राहिलं की पटकन खवट होतं, बाटलीच्या तोंडाशी चिकट साय धरते, तीही त्याचीच करणी. स्वयंपाकघरात ज्याला आपण तेल बिघडलं म्हणतो, त्याच बिघडण्यावर सगळी तैलचित्रं उभी आहेत. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. इतकी, की जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून दिला तर तो आपोआप पेट घेऊ शकतो.

आणि हो, कॅनव्हासही बहुधा याच झाडाचा. जवसाच्या खोडाच्या धाग्यांचं कापड म्हणजे लिनन. कापड खोडाचं, तेल बियांचं, आणि दोन्ही पुन्हा भेटतात ते अशा एखाद्या सरदाराच्या नाकाखाली. पांढऱ्या आणि निळ्या रंगांत मात्र चित्रकार पुष्कळदा अक्रोडाचं किंवा खसखशीचं तेल घालत, कारण जवसाचं तेल काळानुसार पिवळं पडतं. सगळा मालमसाला ओळखीचाच की नाही?

आता साक्षीदाराकडे परत येऊ. हे जाळं विणायला वेळ लागतो. वरवर घट्ट व्हायलाही काही दिवस, आतपर्यंत पक्कं व्हायला वर्षं. म्हणजे चित्रकारानं पहिल्या फटकाऱ्यावर दुसरा फटकारा मारला, की पहिला ओला होता की वाळलेला, याचा शिक्का तिथेच कायमचा उठतो. खालचा रंग वाळलेला असेल तर वरचा स्वच्छ बसतो. ओला असेल तर कुंचला खालचा रंग थोडा ओढत नेतो, आणि पांढऱ्या रेघेला पुढे जाता जाता पिवळ्याची शेपटी फुटते. फ्रागोनारच्या या चित्रांत जागोजागी अशा शेपट्या आहेत. बाही करताना पिवळ्यात तपकिरी घुसला आहे, झालरीच्या पांढऱ्यानं शेजारचा रंग ओढून नेला आहे. रंगात रंग कालवत, खालचा वाळायची वाट न पाहता, एका दमात. बरोब्बर साठ मिनिटं होती की नव्वद, हे रंग सांगू शकत नाही. पण हे महिनोन्‌महिन्यांचं काम नव्हे, हे तो ठणकावून सांगतो.

हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. ओल्यावर ओलं म्हणजे चुकीला माफी नाही. जरा जास्त घोटलं की सगळ्या रंगांचा चिखल. जिलेबी घालणाऱ्याला पाहिलंय ना? तापलेल्या कढईवर त्याचा हात फिरतो, एक वळण, दुसरं, तिसरं, शेवटी चिमटीत बंद. मधेच थांबून तो विचार करत नाही, आणि करेल तर जिलेबीची भजी होतील. फ्रागोनारची झालर अशीच घातलेली आहे. भरघोस पांढऱ्या रंगानं माखलेला राठ केसांचा कुंचला मागे-पुढे नागमोडी फिरलाय, बस्स. काही चित्रांत त्यानं याहून गंमत केली. कुंचला उलटा धरला आणि लाकडी दांड्याच्या टोकानं ओल्या रंगात ओरखडे काढून झालरीच्या चुण्या पाडल्या. आपण ओल्या सारवणावर बोटं फिरवतो तशा.

एवढी घाई केलेली असताना ते रेशीम रेशमासारखं दिसतं तरी कसं?

चित्राच्या अगदी जवळ जा. बाही नाहीशी होते. उरतात फक्त आडवेतिडवे पट्टे, एक गडद, एक मधला, एक फिकट. यात कुठेही रेशमाचा धागा नाही, शिवण नाही. आता पाच पावलं मागे या. झुळझुळीत रेशीम! मधल्या वेळात काय घडलं? चित्रात काहीच नाही. घडलं ते आपल्या डोक्यात. आपली नजर एका क्षणी फार थोडा भाग स्वच्छ पाहते, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाच्या दुपटीएवढा. बाकीचं सगळं धूसर, आणि त्या धूसर खुणांवरून मेंदू जग रचत असतो. चकाकणारं कापड त्याला कशावरून कळतं? उजेडाची तिरीप कुठे पडली आणि तिची कड किती धारदार आहे, एवढ्यावरून. सुती कापडावर उजेड पसरतो, रेशमावर तो घडीच्या माथ्यावर टचकन उमटतो. फ्रागोनारनं रेशीम काढलंच नाही. रेशमावरच्या तिरिपी तेवढ्या अचूक जागी ठेवल्या आणि उरलेलं काम तुमच्यावर सोपवलं. लूव्रमध्ये रोज हजारो माणसं फुकटात ते काम करून जातात.

चेहऱ्यावर मात्र तो इतका बेधडक होत नाही. तिथले रंग जास्त मिसळलेले, फटकारे मवाळ. साहजिक आहे. बाही चुकली तर शिंप्याच्या नावावर खपते, नाक चुकलं तर गिऱ्हाईक जातं.

आणि तो पोशाख पाहिलात का? फुगीर बाह्या, गळ्याभोवती झालर, खांद्यावर झूल. 1769 सालच्या पॅरिसमध्ये असं कुणी रस्त्यानं हिंडत नव्हतं. या वेषाला तेव्हा ‘स्पॅनिश’ म्हणत, पण स्पेनशी त्याचा संबंध जेमतेम. दीडशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कपड्यांची ती नाटकी आठवण होती, नाचाच्या मेजवानीत घालण्याजोगी. तेव्हा हे सद्गृहस्थ दप्तरी नोंदीसाठी बसलेलेच नव्हते, ते सोंग घेऊन बसले होते. याच मापाची, याच थाटाची जवळपास डझनभर चित्रं फ्रागोनारनं काढली. कुणी पुस्तक चाळतोय, कुणी लिहिता लिहिता आढ्याकडे बघतोय. कुणीही सरळ उभं राहून ‘मी अमुक अमुक’ असं सांगत नाही. सहजपणाची त्या लोकांना भारी हौस. खानदानी माणसानं कष्ट करताना दिसू नये, घाम तर मुळीच दिसू नये. मग त्याच्या चित्रानं तरी का घाम गाळावा? ‘एका तासात’ ही चिठ्ठी मला वाटतं याच नजरेनं वाचायला हवी. ती चित्रकाराची बढाई आहे, आणि तेवढीच ती चित्रातल्या माणसाचीही आहे.

पुढे दिवस फिरले. मादाम द्यु बारीनं, म्हणजे राजाच्या लाडक्या बाईनं, आपल्या महालासाठी फ्रागोनारकडून मोठमोठी चित्रं करवून घेतली आणि परत पाठवून दिली. फॅशन बदलली होती. आता सरळ रेषा, रोमन झगे, वीरश्री. मग क्रांती झाली आणि याचे आश्रयदाते कुणी पळाले, कुणी गिलोटिनखाली गेले. 1806 साली फ्रागोनार वारला तेव्हा त्याची फारशी कुणाला आठवण नव्हती. त्याच्या सोंगाड्या सद्गृहस्थांची नावंही हळूहळू गळून पडली. पाठीला चिठ्ठी असलेले दोघे भाऊ नशीबवान. बाकीच्यांना लोकांनी ‘प्रेरणा’, ‘अभ्यास’ अशी भारदस्त नावं चिकटवली. गिटारवाले ला ब्रेतेशसुद्धा ‘संगीत’ झाले! लुई ला काझ नावाचा एक डॉक्टर होता. कुणी ढुंकून पाहत नव्हतं अशा काळात तो अठराव्या शतकातली चित्रं गोळा करत राहिला. 1869 मध्ये त्यानं आपली 583 चित्रं लूव्रला देऊन टाकली, त्यात हे दोघे भाऊही होते.

आता पुन्हा रंगाकडे, कारण साक्षीदाराची जबानी संपलेली नाही.

झालरीचा तो पांढरा रंग कशाचा माहीत आहे? शिशाचा. आणि तो करायची रीत ऐकून तुम्ही नाकाला रुमाल लावाल. मातीच्या मडक्यांत व्हिनेगर ओतायचं, वर शिशाच्या पत्र्याच्या गुंडाळ्या ठेवायच्या, अशी मडकी रांगेनं मांडायची आणि त्यांच्याभोवती घोड्याची लीद भरायची. मग दोन-तीन महिने दार बंद. लिदीची ऊब व्हिनेगरची वाफ करते, वाफ शिसं खाते, लिदीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यावर आपलं काम करतो, आणि दार उघडलं की काळ्या-करड्या पत्र्यावर शुभ्र पापुद्रे! ते खरवडायचे, धुवायचे, वाटायचे. करणाऱ्यांच्या हाडांत विष भिनत असे, तरी हा रंग कुणी सोडला नाही. तेलात कालवला की तो लोण्यासारखा होतो, लवकर घट्ट होतो, आणि कुंचल्याचा प्रत्येक केस त्यावर रेघ उमटवून जातो. तिथल्या रेघा आजही मोजता येतात. सरदाराच्या गळ्यातली स्वर्गीय झालर तबेल्यातून आली होती तर!

पण शिशाला आणखी एक गुण आहे, जो फ्रागोनारच्या स्वप्नातही आला नसता. ते जड आहे आणि क्ष-किरण अडवतं. हाताच्या एक्स-रेत हाड जसं पांढरं दिसतं, तसा चित्राच्या एक्स-रेत शिशाचा पांढरा उजळून निघतो. तो वर असो की खाली गाडलेला असो.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये फ्रागोनारचं एक लाडकं चित्र आहे. पिवळ्या झग्यातली मुलगी, एका बाजूनं दिसणारी, हातात छोटं पुस्तक. शांत, स्वतःत बुडालेली. त्याचा एक्स-रे काढला, आणि त्या शांत मुलीच्या जागी भलतंच डोकं! खाली दुसरा चेहरा, थेट आपल्याकडे वळून पाहणारा, डोक्यावर पिसांचा तुरा. पुढे याहून तरबेज यंत्रांनी, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात पाहून, तो चेहरा एका बाईचा असल्याचं दाखवलं. म्हणजे ही वाचणारी मुलगीही आधी त्याच सोंगाड्या मंडळीतली होती. फ्रागोनारनं नंतर तिची मान वळवली आणि चेहराच पालटला.

हे सगळं जुळून आलं ते एका कागदामुळे. 2012 च्या जूनमध्ये पॅरिसच्या द्रूओ लिलावघरात एक रेखाटनांचा कागद विक्रीला आला. त्यावर अंगठ्याएवढी अठरा छोटी चित्रं. आणि चित्रं कसली, तर याच सगळ्या मंडळींची! एकेकाची बसायची ढब ओळखीची. त्यात पिसांचा तुरा लावून समोर पाहणारी ती बाईसुद्धा, जी तोवर फक्त एक्स-रेमध्ये होती. आणि बहुतेक प्रत्येकाच्या खाली हातानं लिहिलेलं नाव. कित्येक वर्षं ‘प्रेरणा’ आणि ‘अभ्यास’ म्हणून मिरवणाऱ्या लोकांची नावं एका दुपारी सापडली.

सगळ्यांत मोठा घोटाळा लूव्रमध्येच झाला. तिथल्या एका चित्राला पिढ्यान्‌पिढ्या दिदेरो म्हणून ओळखत आले होते, विश्वकोशवाला थोर तत्त्वज्ञ दिदेरो. हातात पानं, चेहऱ्यावर विचार, कुणीही म्हणेल की हाच तो. पुस्तकांत, मुखपृष्ठांवर सर्रास हेच चित्र. या कागदावर त्याच गृहस्थाच्या खाली नाव होतं ‘म्युनिए’. मग लोकांनी नीट बघितलं. चित्रातल्या माणसाचे डोळे निळे, आणि दिदेरोचे होते तपकिरी! इतकी वर्षं इतक्या विद्वानांनी हे चित्र पाहिलं, आणि डोळ्यांचा रंग मात्र कुणी मनावर घेतला नव्हता. लूव्रनं पाटी बदलली. गंमत अशी, की खुद्द दिदेरो आपल्या चित्रांच्या बाबतीत भलताच चिकित्सक. व्हॅन लू या चित्रकारानं काढलेल्या आपल्या तसबिरीबद्दल त्यानं 1767 साली लेखी नाराजी नोंदवून ठेवली होती. दुसऱ्याच माणसाला आपण समजून लोक इतकी वर्षं नमस्कार करतायत, हे कळलं असतं तर त्यानं काय लिहिलं असतं!

पुढच्याच वर्षी, 2013 च्या डिसेंबरात, या मालिकेतलं आणखी एक चित्र लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात आलं. फ्रांस्वा-आंरी, द्युक द आर्कूर. थाटामाटातले सरदार. चित्र विकलं गेलं ते एक कोटी एकाहत्तर लाख पौंडांना, फ्रागोनारच्या चित्राला तोवर मिळालेली सर्वांत मोठी किंमत. हेही भावाभावांच्या त्या दोन चित्रांसारखं तासाभरातच झालं असेल, तर त्या तासाचा दर काय पडला याचा हिशेब तुम्हीच करा.

आणि तो द्रूओचा कागद? त्यावरची काही चित्रं अजून कुठल्याच भिंतीवर सापडलेली नाहीत. ढब माहीत आहे, नाव माहीत आहे, कॅनव्हास तेवढा बेपत्ता. शिवाय अठरातल्या एकाच्या खाली काही लिहिलेलंच नाही. बाकी सगळ्यांसारखंच ते रेखाटन, चार-दोन झपाट्याच्या रेघांचं, आणि खाली कोरा कागद.